खसखशीएवढी गोचीड

गेल्या महिन्यात मंडळाच्या पिकनिकला एका तरुण आईने मला बाजूला घेतले. "काकू, ह्याच्या गुडघ्यामागे गोल चट्टा उठलाय. गजकर्ण असेल का हो? घरी मलम आहे, लावू का?" मलम राहू दे, उद्या सकाळी आधी डॉक्टरांना दाखव, असे मी तिला सांगितले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. औषध सुरू झाले होते. ही गोष्ट आपल्या संपादकांच्या कानावर गेली आणि "पुढच्या अंकाला दोन-तीन पाने द्याच" असा हुकूम सुटला. मंडळी, मी डॉक्टर नाही. पण ह्या दुखण्यात आमच्या घरचा एक अख्खा उन्हाळा गेला आहे, आणि त्यानंतर गावच्या लायब्ररीत बसून मी त्याचा इतिहास जमेल तेवढा वाचला आहे. त्या भांडवलावर हा लेख.

१९९३ चा जुलै. कनेक्टिकटमध्ये घर घेऊन आम्हाला दोनच वर्षे झाली होती. सासूबाई सावंतवाडीकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच इकडे आल्या होत्या. एका सकाळी हे चहा पीत असताना चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर ओघळला. ह्यांनी हसण्यावारी नेले, पण हसू अर्ध्याच तोंडावर आले. डावा गाल सैल पडला होता आणि डावा डोळा काही केल्या मिटेना. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, ह्याच्या तोंडावरून वारं गेलं!"

इस्पितळात तातडीने नेले. मेंदूतला झटका नाही, असे तिथे लगेच सांगितले. मेंदूच्या झटक्यात तोंड वाकडे झाले तरी कपाळाला बहुधा आठ्या घालता येतात. ह्यांना डावी भुवईही उचलता येत नव्हती, म्हणजे बिघाड चेहऱ्याच्या मज्जातंतूतच होता. (ही परीक्षा घरी करत बसू नका. तोंड वाकडे झाले की सरळ इमर्जन्सी गाठायची.) "बेल्स पाल्सी आहे, कारण सहसा सापडत नाही, आपोआप बरे होईल," असे म्हणून गोळ्या देऊन आम्हाला घरी पाठवले. आम्ही रात्री डोळ्याला चिकटपट्टी लावायचो आणि दिवसा थेंब घालायचो. पण आठवड्याभरात पाठीत आणि खांद्यात आग उठू लागली. दिवसा थोडी कमी, रात्री असह्य. साध्या वेदनाशामक गोळ्या तिच्यापुढे काहीच नव्हत्या.

दुसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. घर कुठे आहे? मागे झाडी आहे का? गेल्या महिन्या-दीड महिन्यात अंगावर कुठे चट्टा उठला होता का?

चट्टा! जूनमध्ये ह्यांच्या गुडघ्यामागे तळहाताएवढा चट्टा उठला होता. आम्ही तो गजकर्ण समजलो, भारतातून आणलेले मलम चोपडले, आणि तीन आठवड्यांनी तो गेला तेव्हा मलमाचे गुण गायले. मुळात तो आपोआपच जाणारा होता. रक्त तपासले, पाठीच्या मणक्यातले पाणी काढून तपासले, आणि निदान झाले. लाइम रोग. एका खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडीने ह्यांच्या अंगात एक मळसूत्री जीवाणू सोडला होता, आणि तो मज्जातंतूंपर्यंत जाऊन पोचला होता.

जीवाणूंनी मज्जातंतूंना गाठावे हे आपल्या लोकांना नवे नाही. घटसर्पात घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी मूल नाकात बोलू लागते, प्यायलेले दूध नाकातून येते. जीवाणूच्या विषाने टाळूचे मज्जातंतू लुळे पडलेले असतात. धनुर्वाताचे विष तर मज्जातंतूंच्या वाटेनेच वर चढते. कुष्ठरोगात जीवाणू स्वतःच मज्जातंतूत ठाण मांडतो, म्हणून चटका बसला तरी हाताला कळत नाही. लाइमचा प्रकार निराळा. हा जीवाणू कातडीतून रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. त्याच्याशी लढायला आलेल्या शरीराच्याच पेशी मज्जातंतूंच्या मुळांशी गर्दी करतात आणि तिथे सूज येते. चेहऱ्याचा मज्जातंतू कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जातो. तो सुजला की तोंड वाकडे होते. पाठीच्या मुळांशी सूज आली की रात्रीची ती आग. उपचार न झालेल्या दर १०० रोग्यांपैकी साधारण १० ते १५ जणांना असा मज्जासंस्थेचा त्रास होतो.

आता हे "लाइम" म्हणजे काय? पुष्कळांना वाटते लिंबाशी काही संबंध असेल. लाइम हे आमच्याच राज्यातले, कनेक्टिकट नदीच्या मुखाजवळचे गाव. तिथे पॉली मरे नावाची चित्रकार बाई राहत असे. १९६० च्या दशकापासून तिच्या घरी कुणाचे ना कुणाचे दुखणे चालूच. तिचे सांधे सुजायचे, अंगावर चट्टे यायचे, डोके ठणकायचे. पुढे नवऱ्याला आणि मुलांनाही तसेच होऊ लागले. तिने डॉक्टरांमागून डॉक्टर केले. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा दुखणे मनाचे आहे असे तिला ऐकवण्यात आले. ह्या बाईने एक गोष्ट मात्र सोडली नाही. कुणाला काय झाले, कधी झाले, किती दिवस टिकले, हे सगळे ती लिहून ठेवत गेली.

शेजारच्या ओल्ड लाइम गावात जुडिथ मेन्श नावाची दुसरी आई होती. तिच्या आठ वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजला. लहान मुलांचा संधिवात, असे निदान झाले. पण हा आजार मुलांत विरळा, आणि तिच्या आसपासच्याच घरांतून तशीच आणखी मुले निघाली. एवढासा रस्ता आणि त्यावर इतकी लंगडणारी मुले? १९७५ च्या शरद ऋतूत ह्या दोघींनी, एकमेकींना न सांगता, राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला.

फोन उचलणाऱ्यांनी तो झटकला नाही, ही मला ह्या इतिहासातली सर्वांत नशिबाची गोष्ट वाटते. खात्यातले डेव्हिड स्निडमन ह्यांनी येल विद्यापीठात नुकतेच आलेले डॉक्टर ॲलन स्टीअर ह्यांना कळवले. पॉली मरे आपली टिपणे आणि आजाऱ्यांची यादी घेऊन स्टीअरना जाऊन भेटली. त्यांनी लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम ही तीन गावे पिंजून काढली. ५१ रोगी सापडले, त्यांतली ३९ मुले. त्यांतले निम्मे फक्त चार रस्त्यांवर राहणारे, आणि त्या रस्त्यांवर दर दहा मुलांमागे एक आजारी! बहुतेकांचा आजार उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यापूर्वी सुरू झालेला, म्हणजे चावणाऱ्या किड्याचा संशय. चौथ्या हिश्शाच्या लोकांना आधी एक विचित्र चट्टा आल्याचे आठवत होते. १९७७ साली हा वृत्तांत छापून आला तेव्हा रोगाचे नाव होते "लाइम आर्थ्रायटिस", म्हणजे सांध्यांचा आजार. पुढच्या पाहणीत काहींना तो चावा आठवला, आणि एका शहाण्याने ती गोचीडच जपून ठेवली होती. तोंड वाकडे होणे, मेंदूच्या आवरणाची सूज, हृदयाचे ठोके चुकणे हेही त्याच आजाराचे, हे १९७९ पर्यंत पुरते ध्यानात आले, आणि "आर्थ्रायटिस" गळून नुसते "लाइम डिसीज" राहिले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांनी वर्तमानपत्रातून वाचली असेल. मला लायब्ररीत जे सापडले आणि रात्रभर झोप लागली नाही, ते पुढेच आहे. ह्यातले बरेचसे युरोपात आधीच माहीत होते.

स्वीडनच्या आर्विड अफ्झेलियस ह्यांनी १९०९ मध्येच गोचीड चावल्यावर पसरत जाणारा गोल चट्टा डॉक्टरांच्या सभेत मांडला होता. मज्जातंतूंची गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या गारँ आणि ब्यूजादू ह्या दोघांनी, १९२२ साली. त्यांचा रोगी मेंढ्या पाळणारा, वय ५८. गोचीड चावली, चट्टा पसरला, मग कंबरेपासून पायात आणि पुढे छाती-हातात भयंकर कळा, आणि शेवटी खांद्याचा स्नायू लुळा. पाठीच्या पाण्यात पेशींची गर्दी. वाचता वाचता मी पान मिटून ठेवले. हे तर आमच्याच घरचे वर्णन! त्या धनगराची उपदंशाची, म्हणजे गरमीची, तपासणी किंचित होकारार्थी आली, म्हणून त्यावरचे सोमलयुक्त औषध त्याला दिले, आणि तो सुधारला. उपदंशाचा जंतूही मळसूत्रीच, लाइमच्या जंतूचा लांबचा भाऊबंद. औषध चुकून योग्य जागी पडले की दुखणे आपोआप शमले, हे आता कोण सांगणार?

१९४१ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड बानवार्थ ह्यांनी असे बरेच रोगी एकत्र मांडले: रात्रीची आग, तोंड वाकडे, पाठीच्या पाण्यात पेशी. युरोपात ह्या दुखण्याला अजूनही त्यांचे नाव चिकटलेले आहे. पण गोचिडीचा दुवा त्यांच्या हातून निसटला. चट्टा, गोचीड आणि मेंदूच्या आवरणाची सूज ह्यांची सांगड घातली ती स्वीडनच्या स्वेन हेलरस्ट्रॉम ह्यांनी, आणि त्यावर पेनिसिलिन चालते हेही स्वीडनमध्ये उमगले. हे हेलरस्ट्रॉम १९४९ मध्ये अमेरिकेत आले, सिनसिनाटीत डॉक्टरांपुढे त्यांनी ह्याच विषयावर व्याख्यान दिले, आणि पुढच्या वर्षी ते इथल्या नियतकालिकात इंग्रजीत छापूनही आले. लाइमच्या दोन आया फोन फिरवत होत्या त्याच्या पंचवीस वर्षे आधी!

मग कळले का नाही? मला वाटते चट्टा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला, गुडघा सांध्यांच्या डॉक्टरांकडे आणि वाकडे तोंड मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट तपासला. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, त्यातलीच गत. सगळा हत्ती पाहणारी एकच होती, आणि ती डॉक्टर नव्हती. काही डॉक्टरांना मात्र जुनी विद्या ठाऊक होती, हे कबूल केले पाहिजे. विस्कॉन्सिनच्या स्क्रिमेंटी ह्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० मध्येच अमेरिकेतला असा चट्टा ओळखून छापला होता. लाइमपासून जवळच ग्रोटनला नौदलाचा पाणबुड्यांचा तळ आहे. तिथल्या दोन डॉक्टरांनीही तो ओळखला. येलची मंडळी मात्र सुरुवातीला प्रतिजैविकांबद्दल साशंकच होती. पेनिसिलिनचा उपयोग त्यांना १९८० च्या सुमारास पटला.

खुद्द जीवाणू सापडला तो दुसरेच काहीतरी शोधताना. विली बर्गडॉर्फर हे मूळचे स्वित्झर्लंडच्या बाझेलचे. तरुणपणी त्यांनी आफ्रिकेतल्या गोचिडींमधल्या मळसूत्री जंतूंवरच प्रबंध लिहिला होता. पुढे ते माँटाना राज्यातल्या हॅमिल्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत आले. १९८१ च्या शरदात न्यूयॉर्कच्या शेल्टर बेटावरून त्यांच्याकडे गोचिडी आल्या. शोध चालला होता वेगळ्याच एका तापाच्या जंतूचा. गोचिडीचे पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर आत बारीक, नागमोडी धागे! दुसऱ्या कुणी ते कदाचित बाजूला सारले असते. ह्यांनी तीस वर्षांपूर्वीची आपली ओळख पटवली. लाइमच्या रोग्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये ह्या धाग्यांना जाऊन चिकटली. जून १९८२ मध्ये ही बातमी 'सायन्स'मध्ये आली, आणि १९८४ मध्ये जीवाणूला बर्गडॉर्फर ह्यांचेच नाव मिळाले. मग युरोपातला तो जुना बानवार्थचा आजार आणि इथला लाइम एकाच घराण्यातले, हे सिद्ध व्हायला वेळ लागला नाही. ल्योंच्या धनगराचे निदान असे साठ वर्षांनी पुरे झाले.

आता गोचीड आमच्या परसात आली कुठून, ह्याचे उत्तर सासूबाईंच्या एका प्रश्नात होते. घरामागच्या झाडीत फिरताना त्यांना दगडावर दगड रचलेली, चुना-माती नसलेली एक भिंत दिसली. "हा गडगा हो कुणी घातला इथे रानात?" कोकणातल्या माणसाला गडगा ओळखायला वेळ लागत नाही. रानात कुणी गडगा घालत नाही; गडगा घालतात तो शेताला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागातले बहुतेक जंगल तोडून शेते झाली होती, हरणे जवळजवळ नाहीशी झाली होती. मग शेतकरी पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीकडे आणि गिरण्यांकडे गेले. शेते ओस पडली, त्यांवर पुन्हा झाडी चढली, हरणे परतली. आणि विसाव्या शतकात त्या झाडीच्या कडेकडेने घरे उठली, त्यांतच आमचेही. मोठी गोचीड हरणावर पोसते; पण जीवाणू तिला हरणाकडून मिळत नाही, तो मिळतो बहुधा पांढऱ्या पायांच्या रानउंदराकडून. आणि उंदराला राहायला गडग्यासारखी जागा नाही. आमच्या ह्यांनी मेथी आणि वांगी लावली होती ती नेमकी गडग्याच्या कडेला.

सर्वांत जास्त धोका मे ते जुलैमधल्या लहान गोचिडीचा. ती खसखशीएवढी असते. मोठी तिळाएवढी. चावल्याचे कळत नाही. ती बहुधा २४ तासांहून अधिक चिकटून राहिली तरच जीवाणू अंगात उतरतो, म्हणून संध्याकाळी काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत नीट बघावे. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, तेल, पेटती काडी हे गोठ्यातले उपाय नकोत. २००१ मध्ये असे दिसून आले की गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस दिला तर पुष्कळदा आजार टळतो. तो द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फोन मात्र करा.

आणि एक गोष्ट जी मला पुस्तकात फार उशिरा सापडली. चट्ट्याची सगळी चित्रे गोऱ्या कातडीवरची. लालभडक कडे, मध्ये पांढरे, नेमबाजीच्या चकतीसारखे. आपल्या गव्हाळ-सावळ्या अंगावर तो असा दिसेलच असे नाही. जांभळट, तपकिरी, मुका मार लागल्यासारखा दिसतो, आणि पुष्कळदा मध्ये पांढरे नसतेही. ह्यांचा चट्टा तसाच होता. डॉक्टरांनाही सावळ्या कातडीवरचा चट्टा ओळखण्याची सवय कमी, म्हणून अशा लोकांचे निदान सांधे किंवा मज्जातंतू धरल्यावर होण्याची शक्यता जास्त. तेव्हा चट्टा दिसला की फोटो काढून तारीख लिहून ठेवा, आणि पहिल्या काही आठवड्यांत रक्ताची तपासणी कोरी आली तरी तेवढ्यावर विसंबू नका. प्रतिद्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो.

ह्या रोगावर एक लस १९९८ च्या डिसेंबरात आली होती. खप घटला, वाद माजले, आणि कंपनीने ती २००२ मध्ये मागे घेतली. उपचारानंतरही महिनोन् महिने थकवा आणि दुखणे राहणाऱ्या लोकांचा वाद त्याहून कडू. महिनोन् महिने प्रतिजैविके देऊन फायदा होत नाही, असे २००१ च्या प्रयोगांत दिसले, आणि डॉक्टर स्टीअर ह्यांच्यावरच रोगी संतापले. मला दोन्ही बाजूंचे दुःख कळते. औषधाचा उपयोग नाही म्हणजे दुखणे खोटे, असे मात्र होत नाही. पॉली मरेला तेच ऐकवले होते. तिने आपली हकीकत १९९६ मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. २०१९ मध्ये ती वारली.

ह्यांना तीन आठवडे रोज शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन दिले. नर्स घरी यायची, आणि सासूबाई तिला रोज काहीतरी खायला घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आधी रात्रीची आग थांबली. डोळा गणपतीच्या सुमाराला मिटू लागला. दिवाळीच्या फोटोत हसू जवळजवळ सरळ आहे; जवळजवळच. माहीत असलेल्यालाच दिसते.

सासूबाई आता नाहीत. २०१६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, माकडताप आला, तोही गोचिडीमुळेच, तेव्हा त्यांची फार आठवण झाली. तो जीवाणू नव्हे, विषाणू. कर्नाटकातल्या जंगलात १९५७ मध्ये तो पुण्याच्या संशोधकांनी ओळखला होता. काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडत होती. १९९३ च्या हिवाळ्यात सासूबाई गावी परतल्या तेव्हा साऱ्या वाडीला त्यांनी मुलाच्या दुखण्याची गोष्ट तपशीलवार सांगितली. एका शेजारणीला ती काही केल्या पटेना. तिने सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "गे, पण तुझ्या झिलाक गोचीड चावली कशी? थंय गोठो आसा काय?"